पुराच्या पाण्यात टिकेल अशी शाई आणि आईची चटणीची वही

शुक्रवारपेठकर

नमस्कार. प्रश्न शाई, पेन आणि वहीचा आहे, पण आधी घरातलं थोडं सांगावं लागेल.

आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटापासून पाच मिनिटांवर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट, म्हणजे किती वर ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. खालच्या खोलीत कमरेइतकं पाणी पाच दिवस होतं. आईला, गॅसला, गाद्यांना, औषधांना वेळेत माडीवर नेलं. भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा तेवढा राहिला. त्यात दोन वह्या होत्या, एक वडिलांची आणि एक आईची.

वडील गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. घरचा जमाखर्चही ते दुकानासारखाच लाल कापडी बांधणीच्या रोजमेळाच्या वहीत लिहायचे. पेन ड्रॉपरने शाई भरायचं, काळं, जाड. शाई ब्लू-ब्लॅक. आईची वही म्हणजे माझ्या शाळेतली उरलेली दोनशेपानी एकेरी वही. शाईही माझीच, शाळेसाठी आणलेली निळी. सासूबाईंकडून, म्हणजे माझ्या आज्जीकडून, शिकलेलं सगळं तिनं त्यात उतरवलं होतं. वर्षाची चटणी, मेतकूट, उन्हाळ्यातले सांडगे, बाळंतिणीचे लाडू, सगळं मापासकट.

पाणी ओसरल्यावर दोन्ही वह्या काढल्या. वडिलांची फुगून दुप्पट झाली होती, कडा चिखलानं तांबूस. पण आतलं अक्षर करडं होऊन का असेना, जागेवर होतं. १९७८ साली घेतलेल्या सायकलची रक्कमसुद्धा वाचता आली. आईची वही उघडली तर एकाही पानावर अक्षर नाही. नीळ दिलेल्या धोतरासारखी सगळी पानं फिकट निळी, वरून खालपर्यंत सारखी. आईनं ती वही तरीही गच्चीवर वाळवली आणि देवघरात ठेवली.

आता आई ८१ वर्षांची आहे. माझी मुलगी लग्न होऊन नाशिकला जायची आहे. आई म्हणाली, "मी सांगतो तसं लिहून घे. डोक्यात हाय तोवर घे." मला हे टाइप करायचं नाही. हातानं लिहून मुलीच्या हातात वही द्यायची आहे, आणि पुन्हा कधी पाणी लागलंच तरी त्यातलं अक्षर जाऊ नये, एवढंच हवं आहे.

म्हणून विचारते:

वडिलांच्या वहीतली शाई राहिली आणि आईची गेली, असं का? आज कोणती शाई घ्यावी? वडिलांचं पेन सापडलं आहे, वीस वर्षं तरी कोरडं पडलं असेल, ते चालू होईल का? मला त्याच पेनानं लिहायला आवडेल. माझं वय ५४, उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो, बॉलपेननं पान भरलं की रात्री शेक द्यावा लागतो.

आणि वही. महाद्वार रोड आणि भाऊसिंगजी रोड पालथा घालून तीन वह्या आणल्या. दिसायला तिन्ही देखण्या, पण शाईपेन टेकवलं की शाई फुटते. "कांदा" लिहिलं तर अनुस्वाराचा ठिपका पसरून खालच्या रेघेला चिकटतो. "ष्ट" नि "क्ष" ची पोटं भरून जातात. शिवाय आपण रेघेच्या खाली अक्षर लोंबतं ठेवून लिहितो, रेघ हीच शिरोरेषा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत अडकतात. वहीच्या ओळी थोड्या ऐसपैस हव्यात.

जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

---

टाकदौत

ताई, तुमच्या दोन वह्यांनी जे दाखवलं ते शाईच्या डबीवर कुणी लिहीत नाही.

शाळेची निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. कपड्यावर पडली तर धुतली जावी अशाच बेतानं ती करतात, लहान मुलांसाठी ते सोयीचं. ती कागदाला चिकटत नाही, नुसती वाळून बसते. पाणी मिळालं की पुन्हा विरघळते. उन्हातही ती उडते.

वडिलांची ब्लू-ब्लॅक बहुतेक लोहाची शाई होती. मायफळासारख्या झाडाच्या गाठींतलं किंवा हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून ती बनते. लिहिताना दिसावी म्हणून तिच्यात निळा रंग घालतात. कागदावर गेल्यावर हवेनं तिच्यातलं लोह काळं पडतं आणि कागदाच्या तंतूंतच घट्ट बसतं. पुरात निळा रंग वाहून गेला, लोह राहिलं. म्हणून अक्षर करडं झालं. इंग्लंडात जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांसाठी हीच जातीची शाई पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली.

आता पेन. मी बँकेत होतो, निवृत्तीनंतर जुनी पेनं उघडून साफ करणं हेच माझं काम झालंय, म्हणून जरा लांबण लावतो. काळं, जाड, ड्रॉपरचं, म्हणजे एबोनाइटचं असण्याची शक्यता जास्त. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. बोटानं जोरात घासून वास घ्या, गंधकाचा वास आला तर तेच.

गरम पाणी अजिबात नको. एबोनाइट गरम पाण्यात तपकिरी पडतं, मग ती झळाळी परत येत नाही. स्पिरिटही नको. वाटीत साधं गार पाणी घ्या, निबाकडचा भाग उलगडून त्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी निळं झालेलं दिसेल. ओतून द्या, नवं घ्या. पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे करत राहायचं, चार दिवस लागले तरी लागू देत. आटे फिरत नसतील तर पक्कड लावू नका, आणखी एक रात्र भिजवा. निब आणि त्याच्या पोटाखालची जीभ ओढून काढायची घाई नको. निबाच्या फटीत वाळलेली शाई असेल तर जुन्या मऊ टूथब्रशचे केस पुरे.

चालू झालं तर आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा मोहरीएवढा कण लावा, गळणार नाही. आणि ड्रॉपरच्या पेनाची एक खोड लक्षात ठेवा: शाई पाव टाकीच्या खाली गेली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि निबावर थेंब येतो. अर्धी राहिली की पुन्हा भरायची. वडिलांनाही ही सवय असणार.

पण त्या पेनात वहीसाठीची टिकाऊ शाई घालू नका, हे माझं ठाम मत. लोहाची शाई आम्लधर्मी असते, साध्या पोलादी निबाला हळूहळू खाते. पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची, शाई वाळली तर जिभेच्या बारीक खाचा कायमच्या बुजतात. त्यात साधी निळी भरा, रोजची चिठ्ठी, किराणा, पत्र लिहा. वहीसाठी दुसरं पेन घ्या, बारीक निबाचं. जपानी एफ (फाइन) निब जर्मन एफपेक्षा बारीक असतं, देवनागरीच्या जोडाक्षरांना ते बरं. प्लॅटिनम प्रेपी स्वस्त आहे, आणि त्याचं टोपण असं घट्ट बसतं की शाई महिनोन्‌महिने वाळत नाही.

अंगठ्याचं म्हणाल तर शाईपेनाला दाब लागतच नाही. बॉलपेन उभं धरून रेटावं लागतं. हे तिरपं धरायचं आणि स्वतःच्या वजनानं सरकू द्यायचं. पहिले आठ दिवस हात जुन्या सवयीनं दाबेल. मुद्दाम सैल धरा.

---

राजारामपुरी ७

मावशी, शाईपेन भरणं-धुणं जमत नसेल तर एक सोपी वाट आहे. युनिबॉल आय नावाचं रोलर पेन मिळतं, त्यात पिगमेंट शाई असते, पाण्यानं जात नाही. राजारामपुरीत, लक्ष्मीपुरीत, कुठंही मिळतं. मी सर्व्हेच्या कामावर पावसात वापरतो. दाब कमी लागतो, अंगठ्याला बरं. काळी जेल पेनंही बरीच टिकतात, पण सगळी नाही. घेतल्यावर एक ओळ लिहून वाळवून नळाखाली धरायची, मगच विश्वास ठेवायचा.

---

बांधणीवाला

वहीबद्दल मी सांगतो, माझं घर वह्या-पुस्तकांच्या बांधणीच्याच धंद्यात आहे.

दुकानात सगळे "जाड कागद द्या" म्हणतात. जाडीवर जाऊ नका. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो, कारण तसे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. पण वजनावरून शाई फुटेल की नाही हे कळत नाही. टोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद ५२ जीएसएमचा, वाऱ्यानं उडेल इतका पातळ, तरी त्यावर शाईपेनाची रेघ सुरीनं कापल्यासारखी उठते. उलट १०० जीएसएमचा कागद टीपकागदासारखा शाई पितो.

सगळा खेळ खळीचा. कागद करताना त्याला खळ देतात, तीच शाईला तंतूंत पळू देत नाही. जुन्या हातकागदाला खळ लावून वर गुळगुळीत दगडानं घोटायचे ते याचसाठी. शाळेच्या वह्यांचा मॅपलिथो कागद बॉलपेन धरून केलेला, त्याला खळ बेताचीच. तुमच्या वडिलांच्या रोजमेळात लेजर पेपर असणार. टाकानं लिहिण्यासाठीच तो बनायचा. वही फुगली पण फाटली नाही, यात त्या कागदाचा वाटा मोठा आहे.

आता आपल्या हवेचं. जून ते सप्टेंबर घरातला कागद ओल धरतो आणि मेमध्ये न फुटणारी शाई जुलैत फुटते. वहीची पारख पावसाळ्यात करा. आणि लिहिताना तळहाताखाली एक कोरा कागद ठेवा. हाताचा घाम आणि तेल लागलेल्या जागी शाई एक तर फुटते किंवा धरतच नाही.

तुम्ही तयार वही शोधू नका. लेजर पेपर किंवा चांगल्या खळीचा ९० जीएसएमचा कागद सुटा घ्या, आधी दोन-तीन नमुने मागून त्यावर "कांदा" लिहून बघा. पसंत पडला की बांधणीवाल्याकडे द्या आणि चार गोष्टी सांगा. फर्म्यांची, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांची, दोऱ्यानं शिलाई हवी, नुसत्या गोंदावर चिकटवलेली नको, कारण ती वही ओली झाली की पानं सुटतात. कागदाच्या तंतूंची दिशा पाठीला समांतर ठेवा, म्हणजे वही सपाट उघडते. बांधणीच्या चिकट खळीत मोरचूद घाला, कसर लागत नाही. रेघा १० मिलिमीटरवर आखून घ्या. पाठ लाल कापडाचीच हवी असेल तर तेही सांगा. पाडव्याच्या आधी गेलात तर कापड हमखास मिळेल, त्या दिवसांत रोजमेळांचं काम जोरात असतं.

---

मोडीवाचक

मी मोडी कागद वाचतो. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बसलं की दोन-दोनशे वर्षांचे कागद हाताखालून जातात. त्यावरची शाई आजही काळीभोर दिसते. ती काजळीची आहे. दिव्याचं काजळ, डिंक आणि पुष्कळ घोटणं. कार्बन ऊन, हवा, काळ कशानंच उडत नाही. कसर कागद खाते, शाई तशीच राहते.

पण ती दौतीतली शाई बोरूसाठी. फाउंटन पेनात कधीच घालू नका, आणि चित्रकारांची ड्रॉइंग इंकही नाही. तिच्यात लाख असते, पेन कायमचं बंद पडतं. आज त्याच जातीची पण पेनासाठी बारीक दळलेली शाई मिळते: प्लॅटिनम कार्बन ब्लॅक किंवा सेलरची किवागुरो. पेन रोज वापरात हवं आणि महिन्यातून एकदा पाण्यानं धुवायचं, एवढंच पथ्य.

टाकदौतकाकांशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. आजच्या लोहाच्या शाया जुन्यांपेक्षा पुष्कळ सौम्य असतात. पंधरवड्याला धुतलं तर वडिलांच्या पेनात चालेल असं मला वाटतं. निर्णय ताईंचा.

आणखी एक. आईंची वही टाकली नाहीत हे फार बरं झालं. शाई गेली तरी निबाचा दाब कागदावर राहतो. खोलीत पूर्ण अंधार करा, पान टेबलावर सपाट ठेवा आणि टॉर्च पानाच्या कडेला अगदी आडवा, कागदाला जवळजवळ टेकवून धरा. उजेड तिरपा आला की खोलगट रेघांत सावली पडते. पुसट कागद आम्ही असेच वाचतो. टॉर्च चारी बाजूंनी फिरवा, प्रत्येक बाजूनं वेगळी रेघ दिसते. पान ओलं झाल्यामुळे बरेच चर भरून आले असतील, सगळं मिळणार नाही. पण आई दाबून लिहीत असतील तर काहीतरी हाती लागेल. आणि दिसलं की लगेच फोटो काढा.

---

शुक्रवारपेठकर

सगळ्यांना मनापासून नमस्कार. दीड महिन्यानं लिहिते आहे, कारण सांगितलेलं एकेक करून बघत होते.

वडिलांचं पेन तिसऱ्या रात्री उलगडलं. गंधकाचा वास आला. वाटीतलं पाणी आधी निळं, मग काळपट, सहाव्या दिवशी स्वच्छ. टोपणाच्या कडेला त्यांच्या दातांचे दोन बारीक व्रण आहेत, हिशेब जुळला नाही की ते टोपण चावायचे. ते मी विसरूनच गेले होते.

कागदाचे पाच नमुने आणले. लक्ष्मीपुरीत एका ठिकाणी जुना लेजर पेपर मिळाला, किंचित पिवळसर. त्यावर अनुस्वार मोहरीसारखा गोल राहिला, तोच घेतला. मग शायांची परीक्षा. त्याच कागदाच्या पट्ट्यांवर सहा प्रकारांनी एकच ओळ लिहिली, "ब्याडगी पाऊण किलो, लवंगी पाव किलो". दोन दिवस वाळवल्या. मग घमेल्यात पाणी घेतलं, परसातली मूठभर माती कालवली, कारण पुराचं पाणी नळासारखं नसतं, आणि पट्ट्या पाच दिवस बुडवून ठेवल्या. आमच्या खोलीत पाणी होतं तितकेच दिवस.

शाळेची निळी पहिल्याच संध्याकाळी गेली. एक महागडी जांभळी, मला फार आवडलेली, तीही गेली. एक काळी साधी शाई अर्धी राहिली, वाचता येते पण आकडे संशयास्पद, आणि मापात आकडाच महत्त्वाचा. लोहाची अगदी वडिलांच्या वहीसारखी करडी झाली, अक्षर शाबूत. राजारामपुरीच्या भाच्यानं सांगितलेलं रोलर पेन जसंच्या तसं. कार्बनची शाई तर माती झटकल्यावर आदल्या दिवशी लिहिल्यासारखी होती.

वही बांधून झाली. १० मिलिमीटरच्या रेघा, दोऱ्याची शिलाई, लाल कापड. कार्बनच्या शाईसाठी बारीक निबाचं वेगळं पेन घेतलं, मजकूर सगळा त्यानं. वडिलांच्या पेनात लोहाची शाई घातली आहे, थोडी थोडी, पंधरवड्याला धुते. टाकदौतकाका, तुमचं म्हणणं मला पटलं होतं, पण प्रत्येक पदार्थाचं नाव त्यांच्या पेनानं लिहायचं हे मनातून जाईना. नावापुरतंच वापरते. एका वेळी दोन पानं लिहिते. अंगठा दुखत नाही.

आणि टॉर्च. परवा रात्री माडीवरच्या खोलीचे पडदे लावले, दिवे घालवले. आई पलंगावर बसली होती. चटणीचं पान कुठलं ते तिला ठाऊक होतं, मधल्या शिलाईच्या अलीकडचं तिसरं. मोबाइलचा टॉर्च उजव्या कडेनं आडवा धरला तर नुसता सुरकुतलेला कागद. डावीकडून धरला तेव्हा आधी शिरोरेषा दिसल्या, तुटक तुटक, मग त्यांच्याखाली "ब" चं पोट. आई पेन फार दाबून लिहायची, तिची निबं वर्षात फाकायची. अर्ध्या तासात सात शब्द लागले. "खोबरं", "तीळ", "दगडफूल", दोनदा "भाजून", आणि तळाशी "मीठ पावशेर".

आईला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पावशेर सासूबाईंचं. मी सव्वा पावशेर घालतो. मिठावर चटणी टिकतिया."

वहीत दोन्ही लिहिलं आहे. आधी आज्जीचं, त्याखाली आईचं. आज सांडग्यांचं पान घेतलं आहे. त्या पानावर टॉर्चनं काहीच दिसलं नाही, तेवढं सगळं आई तोंडानं सांगते आहे.